आकड्याआधी वाचायच्या गोष्टी

प्रयोगाचा अहवाल हाती आला की पुष्कळ वाचक सरळ शेवटच्या पानांकडे वळतात. तिथं एक कोष्टक असतं. कोष्टकात दोन मध्यमानं, शेजारी 'टी' मूल्य आणि खाली ठरलेलं वाक्य: फरक ०.०५ स्तरावर सार्थक आहे, सबब शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे. वाचकाचं समाधान होतं, मार्गदर्शकाची सही होते आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. प्रस्तुत पुस्तकाचं म्हणणं असं की ते कोष्टक सगळ्यात शेवटी वाचावं. त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. गट कोणी आणि कसे पाडले? आणि या अभ्यासात कोण येऊच शकलं नाही? तिथली उत्तरं गडबडीची निघाली, तर पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं.

म्हणूनच इथं गणिताची प्रकरणं मागे आणि आराखड्याची पुढे आहेत. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना हा क्रम उलटा वाटेल. मला तो योग्य वाटतो. का, ते सांगण्यासाठी सव्वाशे वर्षांमागच्या मुंबईत जावं लागेल.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना विचारलं. जे तयार झाले त्यांना लस दिली. लस घेतलेले दीडशेच्या आसपास होते, न घेतलेले पावणेदोनशेच्या आसपास. पुढच्या काही दिवसांत न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांपैकी फक्त दोघांना झाला, दगावलं कोणीच नाही.

हा अहवाल आज आपल्यापुढे आला तर? हिशेब मांडून पाहिला, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच निघते. म्हणजे आपल्या प्रबंधांच्या भाषेत फरक 'सार्थक'. पण लस टोचून घ्यायला पुढे कोण आलं असेल? धडधाकट माणूस? डॉक्टरांवर विश्वास असलेला, बाहेरचं जग थोडंफार पाहिलेला? अंगात कणकण असलेला कैदी त्या दिवशी कोपऱ्यात पडून राहिला असेल का? तसं असेल तर दोन गटांत लसीच्या आधीपासूनच फरक होता, आणि तो किती होता हे शंभरातल्या त्या दोन-तीनांवरून कळत नाही. ते गणित फक्त योगायोगाचा हिशेब देतं. निवडीचा हिशेब त्याच्या आवाक्याबाहेरचा.

हाफकिन यांना हा आक्षेप कळत होता. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांपैकी एकाआड एक असं टोचण्यात आलं. तयार कोण आहे हे विचारून गट पाडायची पद्धत तिथं बंद झाली. त्याच वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी तर प्रत्येक कुटुंबातली निम्मी माणसं टोचली आणि निम्मी ठेवली. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, पाणी तेच. तिथं न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावले. भायखळा ते उंढेरा या वर्षभराच्या प्रवासात आकडेमोडीचं तंत्र तेच राहिलं. पुराव्याचं वजन वाढलं ते गट पाडण्याची रीत बदलल्यामुळे.

एकाआड एक ही रीतही निर्दोष नव्हे, हे इथंच सांगून टाकतो. पुढचा नंबर कोणाचा हे टोचणाऱ्याला दिसत असतं. एखाद्या अशक्त माणसाला तो सहज एक जागा मागे सरकवू शकतो. म्हणून रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने वाटणी करण्याचा आग्रह धरला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोग चाचणीत तर रुग्ण कोणत्या गटात जाणार ते बंद पाकिटात ठेवलं होतं. रुग्ण चाचणीत घेण्याचा निर्णय आधी, पाकीट नंतर. अहवाल वाचताना 'यादृच्छिक' हा शब्द दिसला म्हणून पुढे जाऊ नये. चिठ्ठी कोणी काढली आणि काढण्याआधी कोणाला दिसली, हे शोधावं.

आता आपल्याकडच्या बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांकडे येऊ, कारण या पुस्तकाचे बरेचसे वाचक तिथलेच असतील. ठरलेला नमुना असा: एक शाळा, आठवी 'अ' हा प्रायोगिक गट, आठवी 'ब' हा नियंत्रित गट. पूर्वचाचणी, तीन आठवडे नवी अध्यापन पद्धती, उत्तरचाचणी, टी परीक्षिका. प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः शिकवतात, तेही तक्ते, चित्रफिती आणि भरपूर उत्साह घेऊन. नियंत्रित गटाला नेहमीचे सर शिकवतात आणि त्यांना या भानगडीत काही रस नसतो. शेवटी 'अ' तुकडीचं मध्यमान वाढतं. हा विजय पद्धतीचा, की शिकवणाऱ्याच्या हुरूपाचा? शिवाय कित्येक शाळांत तुकड्याच मुळात गुणांवरून पाडलेल्या असतात, हे प्रबंधात कुठंच येत नाही. आणखी एक बारीक मुद्दा आहे, तो पाचव्या प्रकरणात चांगला उलगडला आहे. पद्धत एका वर्गाला मिळाली. चाळीस मुलांना सुटी सुटी मिळाली नाही. त्या दिवशी वर्गात पंखा बंद असेल तर तो चाळीसही जणांसाठी बंद असतो. टी परीक्षिकेत मात्र आपण चाळीस स्वतंत्र पुरावे असल्यासारखं लिहितो.

उपचारात्मक अध्यापनाच्या प्रयोगांत याहून फसवा सापळा असतो. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली वीस मुलं निवडायची, महिनाभर शिकवायचं, पुन्हा चाचणी घ्यायची. गुण वाढतातच. न शिकवताही ते थोडे वाढलेच असते. पहिल्या चाचणीत तळाला गेलेल्यांत खरोखर कच्ची मुलं असतात, तशी त्या दिवशी तापाने फणफणलेली, प्रश्न चुकीचा वाचलेली, आदल्या रात्री न झोपलेली मुलंही असतात. दुसऱ्या वेळी ती आपोआप आपल्या नेहमीच्या जागी परततात. तितक्याच कच्च्या, पण न शिकवलेल्या मुलांचा गट शेजारी नसेल, तर ही आपोआपची वाढ आणि शिकवण्याची वाढ वेगळी करता येत नाही. असे प्रबंध मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांच्यामागचे कष्ट खरे असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

नमुना निवडीच्या प्रकरणात उदाहरण वसई-विरारचं घेतलं आहे. याहून अवघड परीक्षा शोधून सापडायची नाही. समजा, घरी पाणी शुद्ध करण्याच्या एखाद्या स्वस्त पद्धतीचा प्रयोग वसई तालुक्यात करायचा आहे. ३ जुलै २००९ रोजी तिथं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आज नेमकी किती माणसं आहेत, इथपासूनच अंदाज सुरू होतो. घरं निवडायला यादी हवी. मालमत्ता कराची यादी घेतली तर तिच्यात मालक असतात, भाडेकरू नसतात; आणि ज्या चाळीची नोंदच झालेली नाही ती यादीत कुठून येणार? मतदार यादी घेतली तर नालासोपारा पूर्वेच्या खोलीत दहा वर्षं राहणाऱ्याचं नाव अजून गावच्या यादीत असतं, मग ते गाव रत्नागिरीतलं असो की उत्तर प्रदेशातलं.

यादी मिळाली तरी माणूस घरात सापडायला हवा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला दार ठोठावलं, तर पहाटेची लोकल धरून चर्चगेटकडे गेलेला माणूस नमुन्यात कधीच येत नाही. उलट पहाटे विरार स्थानकात प्रश्नावली वाटली, तर फक्त तोच येतो. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांत विहिरी आणि बावखलं, म्हणजे छोटी तळी, आहेत. पूर्वेच्या चाळींत टँकर आहे. रेल्वेपासून दूर, तालुक्याच्या पूर्व भागात मांडवी, भाताणे, उसगावकडच्या आदिवासी पाड्यांवर झरा किंवा हातपंप. अर्नाळ्याच्या बेटावर तर होडीतून जावं लागतं, आणि म्हणूनच कोणताही सर्वेक्षक ते घर 'बंद होतं' असं लिहून मोकळा होण्याची शक्यता सर्वाधिक. पाण्याचा स्रोत इतका वेगळा असताना सगळ्यांची सरासरी काढून काय मिळणार? आधी स्तर पाडावेत, मग प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्यांनी घरं निवडावीत, हाच इथं शहाणपणाचा मार्ग.

आणि प्रयोग वर्षभर चालला तर? अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो, खोली बदलते, कुटुंब अभ्यासातून गळतं. गळणारी कुटुंबं बहुधा त्याच चाळींतली, जिथं पाण्याचा प्रश्न सर्वांत बिकट. शेवटी उरलेल्यांवर निष्कर्ष काढला तर पद्धत आहे त्याहून गुणकारी दिसू शकते. म्हणून सुरुवातीला किती घरं होती आणि शेवटी किती उरली, दोन्ही गटांतून किती आणि का गळली, हे आकडे अहवालात नसतील तर संशय घ्यायला हरकत नाही. बारा लाखांच्या शहरासाठी चारशेंचा नमुना पुरतो का, असं लोक नेहमी विचारतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेले चारशे असतील, तर टक्केवारीच्या अंदाजात साधारण पाच टक्क्यांची कमीजास्ती धरून ते पुरतात. शहर बारा लाखांचं असो की बारा कोटींचं, त्याने फारसं बिघडत नाही. स्थानकावर सापडलेले चाळीस हजार मात्र पुरत नाहीत.

हीच गोष्ट पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भातागव्हाच्या शेतात दाखवून दिली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचे अंदाज बांधण्याच्या कामाला लागले. शेतात छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा, असा तो पीक कापणी प्रयोग. तुकडा किती मोठा असावा यावरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण त्याच खर्चात जास्त तुकडे कापता येतात. सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की तुकडा फार लहान असला की उतारा फुगतो. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड मोठी. असे हजार तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही. तीच चूक जास्त खात्रीने सांगितली जाते, एवढंच.

आकडेमोड समजून घ्यायला मराठी वाचकाला सर्वांत जवळचा प्रयोग डॉ. जयंत नारळीकर यांचा. त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह २००८मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी जाहीर केली. निकाल २००९मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. चाळीसपैकी किमान अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश, हे आधीच सांगून ठेवलं होतं. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, उत्तरं सत्तावीस जणांनी पाठवली. सर्वाधिक गुण चोवीस. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या; तिच्या १०२ बरोबर आल्या.

बहुतेक लोक इथं थांबतात, कोणी टाळ्या वाजवून तर कोणी तोंड वेंगाडून. आपण थोडं पुढे जाऊ. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तर सरासरी वीस बरोबर येतील आणि प्रमाण विचलन ३.१६च्या आसपास असेल. अठ्ठावीस किंवा अधिक येण्याची शक्यता हजारात आठ. एकट्या माणसासाठी ही अट कडक आहे. पण सत्तावीस जण नाणं उडवत असतील, तर त्यांतला एखादा तरी अठ्ठावीसपर्यंत पोचण्याची शक्यता पाचात एक होते! म्हणजे कोणी एक जण उत्तीर्ण झाला असता आणि वर्तमानपत्रात त्याचाच फोटो आला असता, तरी त्यावरून फारसं काही सिद्ध झालं नसतं. चोवीस हा गुणही असाच. सत्तावीस नाणी उडवणाऱ्यांत चोवीस किंवा जास्त मिळवणारे तीन-चार जण अपेक्षित असतात. इथं एकच निघाला.

उलट बाजूने पाहू. समजा, ज्योतिषांना खरोखर साठ टक्के ओळखता येतं. तसा ज्योतिषी चाळीसपैकी अठ्ठावीस आणण्याची शक्यता जेमतेम तेरा टक्के. म्हणजे अंगी थोडीफार खरी क्षमता असूनही बहुतेक जण नापास झाले असते. ज्योतिषाची बाजू घेणाऱ्यांनी हा आक्षेप घेतला असता तर तो रास्त ठरला असता. त्याचं उत्तर एकेकट्याच्या निकालात नाही, एकत्रित निकालात आहे. सत्तावीस गुणिले चाळीस म्हणजे १०८० पत्रिका. नाण्याने ५४० बरोबर येतील, साठ टक्के क्षमतेने ६४८. एवढ्या मोठ्या संख्येत हा फरक लपून राहत नाही, आणि प्रत्यक्षातली सरासरी तर निम्म्याच्या वर गेलीच नाही. चाचणी किती बारीक फरक पकडू शकते, हा प्रश्न 'फरक सापडला नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक अहवालाला विचारायला हवा.

या प्रयोगाची कच्ची बाजूही आहे. उत्तर न पाठवलेले चोवीस जण कोण होते? ज्योतिषांचा हा नमुना स्वतःहून पुढे आलेल्यांचा, भायखळ्याच्या कैद्यांसारखाच. त्यामुळे 'सत्तावीस सहभागींना ओळखता आलं नाही' हे पक्कं, 'कोणाही ज्योतिषाला येणार नाही' हे त्यातून थेट निघत नाही. तरीही मी हा प्रयोग विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवतो तो त्या अठ्ठावीसमुळे. मोजपट्टी निकालाआधी जाहीर झाली होती. भारतात औषधांच्या चाचण्या सुरू होण्याआधी नोंदवणं २००९पासून बंधनकारक झालं, त्यामागेही हेच आहे. दहा गोष्टी मोजायच्या आणि जी सार्थक निघेल तिचीच बातमी करायची, ही सोय त्यामुळे उरत नाही. निदान उरू नये.

गडचिरोलीच्या प्रयोगाला पुस्तकात पूर्ण प्रकरण दिलं आहे, म्हणून इथं थोडक्यात. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला, जंतुदोष ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. शेजारच्या भागातली ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९३-९५मध्ये दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या भागात ६२ आणि दुसऱ्यात ५८ होते. तिसऱ्या वर्षी पहिल्या भागात ते २५.५वर आले, तुलनेच्या गावांत घट झालीच नाही. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने या प्रयोगाचा अहवाल छापला आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या कामात हीच रीत आली.

दोष काढायचेच तर आहेत. कोणत्या गावांना सेवा मिळणार हे चिठ्ठ्यांनी ठरलं नव्हतं. कोण कुठल्या गटात हे लपवणंही शक्य नव्हतं. पण दोष दिसला की अहवाल फेकून देणं हा दुसरा आळस, आणि हल्ली नव्याने संख्याशास्त्र शिकलेल्यांत तो फार बोकाळला आहे. प्रत्येक दोष निकालाला कोणत्या दिशेने आणि किती ढकलू शकेल, हे विचारावं लागतं. त्या वर्षांत सगळीकडेच परिस्थिती सुधारत होती म्हणावं, तर तुलनेच्या गावांतही मृत्यू घटायला हवे होते. सेवेची गावं मुळातच सुदैवी होती म्हणावं, तर सुरुवातीला तिथला दर थोडा जास्तच होता. मोजायची गोष्ट मृत्यू होती. मोजणाऱ्याच्या मनावर हलणारी ती गोष्ट नव्हे. आणि पुढे 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, वेगळ्या संस्थांच्या हातून, हीच रीत पुन्हा करून पाहिली गेली. हे सगळं एकत्र धरल्यावर चिठ्ठ्या न टाकल्याची उणीव राहते, पण निष्कर्ष डळमळत नाही.

पुस्तकात मुलाखतींवर आधारलेली गुणात्मक संशोधनं नाहीत, प्रयोगशाळेतले प्राण्यांवरचे प्रयोगही नाहीत. ती कसर मला खटकली नाही. एक मात्र खटकली, आणि पुढच्या आवृत्तीसाठी ती इथंच नोंदवून ठेवतो. पालघर जिल्ह्यातल्या भातखाचरांत दर हंगामात पीक कापणी प्रयोग होतात आणि पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळाचा तो उतारा धरला जातो. मंडळातली कोणती गावं आणि कोणती खाचरं चिठ्ठीत निघाली, दोरी कोणी टाकली, कापताना कोण कोण हजर होतं, आणि डोंगरउतारावरची वरकस व खाडीकाठची खारजमीन एकाच सरासरीत घातली का, यावर निदान वीस पानं हवी होती.